आधी जेवण, मग ढोल

संघटना काढली की कार्यकर्ते कमी जमतात आणि किस्से जास्त. आमच्या संघटनेचं सगळं दप्तर एका पत्र्याच्या पेटीत आहे. त्यात शिक्का, कोरे कागद आणि सभासदांचे फोटो. किस्से त्या पेटीत मावत नाहीत. ते बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर उभे असतात. मी दिसलो की कोणीतरी म्हणतं, "मास्तर, ती घोडीवाली गोष्ट सांगा." मी सांगत नाही. मला गप्पांची सवय नाही. पण मी सांगितलं नाही तर दुसरे सांगतात आणि चुकीचं सांगतात. म्हणून एकदा लिहून ठेवतो.

मी रनाळ्याचा. शिक्षण चौथी. क्लॅरिनेट पन्नास वर्षं. लग्नाचा बँड माझा स्वतःचा, माणसं सतरा. लोक मला मास्तर म्हणतात. शाळेतल्या मास्तरांना हल्ली सर म्हणतात, त्यामुळे गोंधळ होत नाही.

भगवान मोठा ढोल वाजवतो. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. चाळीस वर्षं माझ्या डाव्या हाताला चालतो आहे. त्याला शुगर आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे सगळं त्याच्यावरच येतं.

* * *

आमच्या धंद्यात बँडवाला शेवटी जेवतो. आधी पाहुणे, मग गाव, मग वाढपी, मग बँडवाले. हे कोणी ठरवलेलं नाही. माझ्या वडिलांच्या वेळीही असंच होतं.

विसरवाडीला लग्न होतं. हायवेपासून मांडवापर्यंत नवरदेवाची मिरवणूक. चैत्राचं ऊन. भगवानने सकाळी शुगरची गोळी घेतली होती, पोटात एक कप चहा. अकराला निघायचं ते साडेबारा झाले, पाहुणे यायचेच होते. आम्ही गणवेशात उभे. नवरदेवाची घोडीही उभी.

घोडीवाला युसुफ. तो नवरीच्या बापाला म्हणाला, "शेठ, भुकी घोडी नाचत नाही, पाडते. आधी तिला चारा."

नवरीचा बाप पळाला. दोन मिनिटांत हिरवा घास आला, बादलीभर पाणी आलं. घोडीने खाल्लं. सावकाश खाल्लं. सगळी वऱ्हाडी मंडळी थांबली. मग नवरदेव बसला, मग आम्ही वाजवायला लागलो.

अर्ध्या वाटेवर भगवान ढोलावरच पडला. ढोलाला काही झालं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी सुई लावली आणि सांगितलं, "वेळेवर जेवायचं. जमत नसेल तर ढोल सोडायचा." भगवानचा मुलगा तिथेच उभा होता. तो म्हणाला, "बाबा, आते अजून एक डाव पडनात ना, तं ढोल माळ्यावर."

भगवानने डोळे उघडले. मुलाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर," तो म्हणाला, "ती घोडी कोनती संघटनामा शे?"

आठ दिवसांत आम्ही संघटना काढली.

* * *

संघटनेत आधी फक्त बँडवाले होते. मग सोंगं घेणारे आले, ऑर्केस्ट्रावाले आले, सातपुड्यातले पावरी वाजवणारे आले, मोबाइलवर अहिराणी गाणी टाकणारे नट-नट्या आले. युसुफही आला. तो म्हणाला, घोडीही नाचते. मी त्याला घेतलं, घोडीला घेतलं नाही.

मग मुंबईहून शीतल मॅडम आल्या. त्या शूटिंगच्या कॅमेरा-लाइटवाल्यांच्या संघटनेत काम करतात. त्यांनी सांगितलं की परदेशात एक जागतिक महासंघ आहे. नाटकवाले, सिनेमावाले, टीव्हीवाले, वाजवणारे, नाचणारे, पडदा ओढणारे, देशोदेशी त्यांच्या ज्या संघटना आहेत, त्या सगळ्यांची मिळून एक. तिचा सभासद झालं की आपली अडचण जगाला कळते.

मी विचारलं, "जगाला कळून भगवानला जेवण मिळेल का?"

त्या म्हणाल्या, "लगेच नाही, मास्तर. पण नियम करताना जोर मिळतो."

नऊ पानांचा फॉर्म होता. मॅडम वाचून मराठीत सांगत, मी उत्तर देई, त्या लिहीत.

कामाचं ठिकाण? रस्ता.

कोणता रस्ता? ज्याच्या घरी लग्न असेल तो.

कामाच्या ठिकाणी पिण्याचं पाणी आहे का? वाटेत हातपंप लागला तर.

आग लागल्यास बाहेर पडायचे दरवाजे किती? रस्त्याला दरवाजा नसतो.

कामाच्या ठिकाणी मोठा आवाज होतो का, होत असल्यास कशामुळे? आमच्यामुळे.

शेवटी एक प्रश्न होता, सभासदांची सर्वांत तातडीची मागणी काय. मॅडमनी सुचवलं की सामाजिक सुरक्षा लिहू. मी नको म्हटलं. त्यांनी मी सांगितलं ते लिहिलं. घोडीच्या आधी नको, निदान घोडीबरोबर जेवण.

महिन्याभराने परदेशातून पत्र आलं की तुम्हाला सभासद करून घेतलं आहे. पत्रात एक ओळ जास्तीची होती. घोड्यांची संख्या कळवावी.

* * *

जागतिक महासंघाची पहिली सभा आम्ही कॉम्प्युटरवर पाहिली. त्यांची सकाळ, आपली दुपार. आमच्या कोणाकडे एवढी मोठी जागा नाही. नंदुरबारला ओळखीच्या व्यापाऱ्याचं मिरचीचं गोदाम आहे, त्याच्या वरची खोली त्याने दिली. दिवस मिरचीचे होते. खाली पोती भरणं चालू होतं.

नंदुरबारच्या माणसाला मिरचीचं काही वाटत नाही असं बाहेरचे समजतात. ते उघड्या पथारीवर, मिरची वाळत घालतात तिथे, खरं आहे. बंद खोलीत नाही.

पडद्यावर महासंघाच्या अध्यक्षीणबाई बोलत होत्या. वयस्कर, चांगल्या बाई. कुठल्या तरी थंड देशात शंभर वर्षं चाललेलं नाटकघर बंद झालं, माणसं घरी बसली, त्याबद्दल. शीतल मॅडम आम्हाला मराठीत सांगत होत्या. खाली कोणीतरी पोतं आपटलं.

आधी ट्रम्पेटवाल्याच्या डोळ्यांना पाणी आलं. मग सगळ्यांच्या. सोळा माणसं रुमाल काढून डोळे पुसू लागली. मॅडमना खोकला सुरू झाला, त्यांना बोलता येईना. मी रडलो नाही. डोळे लाल झाले होते, एवढंच.

पडद्यावरच्या बाई थांबल्या. त्यांनी चष्मा काढला. काहीतरी बोलल्या आणि चाळीस देशांच्या माणसांनी उभं राहून आमच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मॅडमनी पाणी पिऊन सांगितलं, "त्या म्हणतायत, भारतातल्या भावांचे अश्रू मी विसरणार नाही."

मी म्हणालो, "त्यांना खरं सांगा."

भगवानने नाक पुसलं. "मास्तर, आते सांगं तं वाईट दिखी."

ते बरोबर होतं. तेव्हापासून दरवर्षी सभा तिथेच घेतो. दुसरीकडे घेतली तर त्यांना वाटेल आपलं मन बदललं.

* * *

एकदा महासंघाचं पत्र आलं. परदेशात एका मोठ्या शहरात वाजवणाऱ्यांचा संप होता. सगळ्या देशांनी पाठिंब्याचा निरोप पाठवावा.

मी बैठक घेतली. शीतल मॅडम फोनवर होत्या. ट्रम्पेटवाल्याने विचारलं, "त्या लोके कशा वाजवतस?"

मॅडम म्हणाल्या, "बसून. नाटकघरात. खुर्चीवर."

"छताखाली?"

"हो."

"पंखा शे?"

"एसी असतो."

ट्रम्पेटवाल्याने टोपीने वारा घेतला. मग मी विचारलं की संप कशासाठी आहे. मॅडम म्हणाल्या, "त्यांना मध्ये वीस मिनिटांचा ब्रेक असतो. मालकांनी तो पंधरा मिनिटांचा केला."

भगवान भिंतीला टेकून बसला होता. तो पुढे सरकला. "त्यासले मझारमा सुट्टी भेटस?"

मी म्हणालो, "नियमाने मिळते."

"वीस मिनिटं?"

"वीस."

"आनी लोके थांबतस?"

"थांबतात. पोलीस कमिशनर असला तरी थांबतो," मॅडम म्हणाल्या.

भगवान परत भिंतीला टेकला. "मंग पाठिंबा द्या," तो म्हणाला. "पाची मिनिटं सोडू नका म्हना."

निरोप लिहायला कोणाला जमेना. म्हणून आम्ही रनाळ्याच्या चौकात गणवेश घालून उभे राहिलो आणि लग्नात वाजवतो ते सगळं वाजवून, मोबाइलवर भरून पाठवलं. पुढे कळलं की त्या लोकांनी नाटकघराच्या बाहेर मोठा स्पीकर लावून ते रोज सकाळी मालकांना ऐकवलं. बारा दिवस ऐकवलं. तेराव्या दिवशी मालकांनी पाच मिनिटं परत दिली.

त्यांचं आभाराचं पत्र पेटीत आहे. रनाळ्यात आता कोणी मला विचारलं की संघटनेने काय केलं, तर मी ते पत्र दाखवतो.

* * *

कविता आमची सभासद. मोबाइलवरच्या अहिराणी गाण्यांत नाचते, तिला सगळा जिल्हा ओळखतो. तिचा नवरा दिनेश गाणी दिग्दर्शित करतो. एकदा तळ्याकाठी शूटिंग होतं. भर दुपारी, जड घागरा, एकाच ओळीवर चौदा वेळा नाचवलं. पंधराव्या वेळी ती खाली बसली आणि म्हणाली, "दोन तास व्हयनात. संघटनाना नियम शे. विश्रांती आनी चहा."

दिनेश म्हणाला, "घर चाल, मंग बोलू."

तिने संघटनेत तक्रार दिली. लेखी. अर्जावर पतीचे नाव आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचे नाव, दोन्ही रकान्यांत दिनेशच.

मी दोघांना बोलावलं. दिनेश म्हणाला, "मास्तर, हाई आमचं घरनं शे." मी विचारलं, ती नाचताना तू तिचा नवरा असतोस की दिग्दर्शक? तो म्हणाला, दिग्दर्शक. मग मी दिग्दर्शकाला शिक्षा दिली. दर दोन तासांनी काम थांबवायचं आणि चहा स्वतः करून द्यायचा, सगळ्या युनिटला.

आता शूटिंगला तो स्टोव्ह घेऊन जातो. मध्यंतरी कविता भेटली. मी विचारलं, "नियम पाळतो का?"

"पाळतस," ती म्हणाली. "घरमा मात्र अजून मीच करस."

घर संघटनेच्या हद्दीत येत नाही. मी तिला तसं सांगितलं. तिने मान हलवली, पण समाधान झालेलं दिसलं नाही.

* * *

आमचा जेवणाचा नियम असा. मिरवणुकीच्या आधी बँडला बसवून जेवण, त्याला वीस मिनिटं. जेवल्यावर वाजवणं. मध्ये दोन तास झाले की वीस मिनिटं विश्रांती. हे सुपारी घेतानाच करारपत्रात लिहायचं आणि दोन्हीकडून सही. नियम केला तेव्हा भगवानच्या मुलालाही बोलावलं. त्याने तो वाचला आणि म्हणाला, "कागद चांगला शे. हंगामभर देखू."

पहिली सही तापीकाठच्या एका गुजर पाटलांनी केली. केळीचे मोठे बागायतदार. त्यांनी करारपत्र दोनदा वाचलं. "मास्तर, बँडवाला कागद आनस, हे पहिल्यांदा देखं," ते म्हणाले. मग आत गेले. आतून त्यांच्या आईचा आवाज आला, "वाजाडनारा भुक्या ऱ्हास आनी आपन नाचतस? बठाड त्यासले पहिले."

त्या बाईंनी आम्हाला स्वतः उभं राहून वाढलं. दाल-बट्टी. बट्टी तुपात बुडवलेली, वर परत तूप. नाही म्हणायची सोय नव्हती. पन्नास वर्षांत पहिल्यांदा बँड आधी जेवत होता, माणसं हावरट झाली. ट्रम्पेटवाल्याने सात बट्ट्या खाल्ल्या.

मग मिरवणूक निघाली. म्हणजे निघेना. ट्रम्पेटवाल्याला फुंकता येईना. बाकीचे चालता चालता पेंगत होते. माझ्या क्लॅरिनेटला वारा पुरेना. उत्साहाने वाजवणारा एकटा भगवान. त्याने मोजून दोन खाल्ल्या होत्या.

आम्ही निघताना पाटील एवढंच म्हणाले, "मास्तर, मागली सालना बँड भुक्या व्हता, पन चालत व्हता."

त्याच आठवड्यात आम्ही नियमात दुरुस्ती केली. बट्टी माणशी दोन. दुरुस्ती जागतिक महासंघाला कळवली. त्यांनी उलट विचारलं, बट्टी म्हणजे किती वजन.

* * *

महासंघाने एकदा परदेशातून एक बाई पाठवल्या. कामाची परिस्थिती पाहायला. चाळिशीच्या, उंच, हातात वही. आमच्यात पाहणीला आलेला माणूस बाजूला उभा राहतो. पण लग्नघरचे लोक अशा बाईला बाजूला उभं राहू देत नाहीत. त्यांना फेटा बांधला आणि बँडच्या पुढे आणून सोडलं.

इथे एक रीत सांगितली पाहिजे. बँडच्या पुढे पाहुणा नाचत असला तर बँड थांबत नाही. नाचणाऱ्याचा अपमान होतो. त्यामुळे आम्ही नाचणारे दमायची वाट पाहतो. माणूस वीस मिनिटांत दमतो. दारू प्यायलेला तीस.

त्या बाई प्यायल्या नव्हत्या. व्यायाम करणाऱ्या होत्या. दोन तास झाले, विश्रांतीची वेळ झाली. त्या नाचतच होत्या. मी शीतल मॅडमना खूण केली. त्या गर्दीत मागे अडकलेल्या. आम्ही हळू वाजवलं, बाई हळू नाचल्या. आम्ही जोरात वाजवलं, त्या जोरात नाचल्या. आम्ही थांबत नाही म्हणून त्यांना वाटलं, आपण थांबलो तर वाजवणाऱ्यांचा अपमान होईल. हे आम्हाला नंतर कळलं.

माझ्या डाव्या हाताला ठोका चुकला. मी पाहिलं तर भगवानच्या कपाळावर घाम. त्याने एका हाताने खिशातून, शुगर उतरली की खायला ठेवलेला, गुळाचा खडा काढून तोंडात टाकला आणि दुसऱ्या हाताने वाजवत राहिला. रस्त्याच्या कडेला त्याचा मुलगा मोटारसायकलवर होता. त्याने ते पाहिलं. गाडी चालू करून गेला.

मी क्लॅरिनेट खाली केलं. पन्नास वर्षांत नाचणाऱ्या पाहुण्यापुढे पहिल्यांदा. भगवानला ओट्यावर बसवलं.

बाईंनी नंतर अहवाल लिहिला. मॅडमनी मला तो वाचून दाखवला. त्यात ऊन, पाणी, ढोलाचं वजन, सगळं होतं. शेवटी असं होतं की त्या दिवशी कामगारांना सलग अडीच तास विश्रांतीशिवाय वाजवायला लावण्यात आलं आणि यास मी स्वतः जबाबदार आहे.

भगवानच्या मुलाचा अहवाल त्याहून लहान होता. तो माझ्या दारात येऊन सांगून गेला. "मास्तर, तुम्हना नियम कागदवर शे. एक डाव अजून मोडना, तं मी ढोल माळ्यावर टाकसू. मंग तुम्हना जगना संघ उना तरी खाले नही करनार."

त्या हंगामातलं शेवटचं लग्न माझ्या घरचं होतं.

* * *

नात माझी, मोठ्या मुलाची. नवरदेव नवापूरचा, त्याचे वडील निवृत्त हेडमास्तर, शिस्तीचे. मांडव रनाळ्यात, माझ्या दारात. बँड दुसऱ्या कोणाचा लावणार? माझाच. मी नवरीचा आजोबा, म्हणून त्या दिवशी वाजवणार नव्हतो. पण नियम म्हणजे नियम. मी करारपत्र केलं. लग्नघरातर्फे मी सही केली. संघटनेतर्फे अध्यक्षांची सही लागते. तीही मीच केली.

मुहूर्त बाराला पाच कमी. बँडचं जेवण दहाला, वऱ्हाड साडेदहाला, मिरवणूक अकराला, असं ठरलं होतं.

आचाऱ्याची भट्टी उशिरा पेटली. वऱ्हाडाच्या बसचं विसरवाडीला टायर गेलं. वऱ्हाड सव्वाअकराला आलं आणि बट्ट्या साडेअकराला उतरणार होत्या. बँड दहापासून गणवेशात उभा. नवरदेव वेशीवर. युसुफने घोडीपुढे घास टाकलेला.

व्याही माझ्याकडे आले. हातातलं घड्याळ दाखवलं. "आजोबा, मुहूर्त टळतो आहे. वाजवायला सांगा. जेवणं नंतर होतील."

भटजी म्हणाले, "वीस मिनिटांचं अंतर आहे. आत्ता निघालं तर गाठू."

माझा मुलगा म्हणाला, "बाबा, सांगा त्यासले. तुम्हना शब्द कोन मोडी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. नात खिडकीत होती.

मी बँडकडे गेलो. भगवानच्या गळ्यात ढोल होता. सकाळची गोळी त्याने घेतली असणार. मी म्हणालो, "भगवान, एवढी मिरवणूक काढ. वीस मिनिटं. घरचं लग्न आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने पट्टा डोक्यावरून काढला आणि ढोल माझ्या अंगणात ठेवला.

"मास्तर," तो म्हणाला, "कागदवर तुम्हीनच सही करेल शे. दोन डाव."

त्याच्यामागे ट्रम्पेटवाल्याने ट्रम्पेट खाली ठेवलं. मग एकेक करून सोळा वाद्यं माझ्या अंगणात ठेवली गेली. वेशीवर घोडी घास खात होती.

अंगणाच्या कोपऱ्यात भगवानचा मुलगा आहेर घेऊन उभा होता. तो माझ्याकडे बघत होता.

व्याही जवळ आले. "काय म्हणतायत हे लोक? कोणाशी बोलावं लागेल? यांचा अध्यक्ष कोण?"

मी म्हणालो, "मी."

"मग सांगा ना त्यांना."

मी आचाऱ्याकडे गेलो. बट्ट्या उतरत होत्या. मी त्याला म्हणालो, "पहिली पंगत बँडची." त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पत्रावळी टाकल्या. मांडवात, पुढच्या रांगेला, पाहुण्यांच्या सतरंजीवर. सोळा माणसं गणवेशात बसली. वाढपी व्याह्यांकडे बघत उभे राहिले, पुढे येईनात. मग मी कोटाच्या बाह्या वर केल्या आणि वरणाची बादली उचलली.

मी आयुष्यात कधी वाढलेलं नाही. घाईने वाढत होतो. भगवानच्या पानावर वरण सांडलं.

"धीरे वाढा, मास्तर," तो म्हणाला. "ब्रेक वीस मिनिटंना शे."

त्याने दोन बट्ट्या खाल्ल्या. मी तिसरी पुढे केली. त्याने पानावर हात आडवा धरला.

तोवर वेशीवरचं वऱ्हाड चालत मांडवाच्या दारापर्यंत आलं होतं, बँडशिवाय. नवरदेव घोडीवर, मुंडावळ्या बांधलेल्या, सकाळपासून उपाशी, जेवणाऱ्यांकडे बघत. शेजारी व्याही. त्यांच्या शेजारी भटजी. सगळे उभे. भगवान पाणी प्यायला, त्याने हात धुतले, रुमालाला पुसले. बाकीचेही उठायला लागले.

व्याह्यांनी घड्याळ पाहिलं. "झालं? सोळा मिनिटं झाली. चला आता."

भगवान परत सतरंजीवर मांडी घालून बसला.

"चार बाकी शेतस," तो म्हणाला.

बाकीचे बसले. मांडवात तीनशे माणूस होतं. घोडीने एकदा फुरफुर केलं, तेवढाच आवाज. भगवानचा मुलगा कोपऱ्यातून चालत आला आणि अंगणातल्या ढोलापाशी, त्याला हात न लावता, जाऊन उभा राहिला. मी बादली खाली ठेवली आणि भगवानच्या उजव्या हाताला, माझ्या नेहमीच्या जागी, बसलो.